ज्ञानेश्वरच्या डाव्या गुडघ्यावरची मी

मी नी-कॅप बोलतेय. हसा खुशाल. चेंडूचं आत्मवृत्त शाळेत पोरं हौसेनं लिहितात. गुडघ्यावर चढवलेल्या इलॅस्टिकला कोण विचारतो?

नागपुरात सीताबर्डीच्या एका मेडिकल दुकानात मी टांगलेली होते. ज्ञानेश्वरच्या बाबांनी मला घेतलं, कॉलेजच्या स्पर्धेआधी. पोरगं ताडमाड उंच, बास्केटबॉलमध्ये अख्खं विद्यापीठ गाजवलेलं. उडी मारून खाली आला की आत काहीतरी करकरायचं, ते फक्त मला कळायचं. तेव्हा किरकोळ होतं.

मग लीड्सच्या एका क्लबनं त्याला बोलावलं. चौकात बॅनर लागला, 'नागपूरचा सुपुत्र इंग्लंडच्या मैदानात'. बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला धरून तो दाखवायचे. इकडे ज्ञानेश्वरचा डॅन झाला. क्लबमध्ये परदेशी खेळाडूंना जागा मोजक्याच. एक लंगडला की दुसरा विमानात बसलाच म्हणून समजा. व्हिसाही क्लबच्याच जिवावर. म्हणून दुखणं त्यानं कोणाला सांगितलं नाही. फिजिओसमोर लांब ट्रॅकपँट, चेहरा हसरा, आत मी. पट्टा आवळायचा, अजून आवळायचा. माझा जीव मेटाकुटीला आला, पण ऐकतो कोण!

कोर्टवर लपलं ते गणपतीत उघडं पडलं. दोन हजार चारचा सप्टेंबर होता. तिथल्याच हॉस्पिटलात हाडांच्या डॉक्टर असलेल्या वैजयंतीमावशींच्या घरी आरतीनंतर पंगत बसली. सगळे कार्पेटवर मांडी घालून बसले, हा एकटा भिंतीला टेकून उभा. कोणीतरी प्रेमानं खुर्ची पुढे केली. मावशींनी मात्र त्याला आतल्या खोलीत नेलं, मला खाली सरकवलं आणि गुडघा दाबून पाहिला. त्यांचा चेहराच उतरला.

"ज्ञाना, खेळणं बंद. उद्याच स्कॅन अरेंज करते, नाहीतर हा गुडघा कायमचा जाईल."

त्यानं हात जोडले. "मावशी, शनिवारची मॅच होऊ द्या ना. मग मीच सांगतो सगळ्यांना."

शनिवारी सीझनची पहिली मॅच. महाराष्ट्र मंडळातली झाडून सगळी येणार होती आणि त्यांना गोळा केलं होतं मावशींनीच, आमचा मुलगा, आमचा मुलगा म्हणत. त्या डॉक्टर होत्या, पण त्या घडीला नुसत्या मावशी झाल्या. गप्प बसल्या.

शनिवारी पोरं 'मोरया' ओरडत होती. ज्ञानेश्वर उंच उडाला. खाली आला तेव्हा आधी मला कळलं, मग सगळ्यांना. गुडघा जागेवर नव्हता. क्लबनं पुढच्या मॅचला नवा खेळाडू उतरवला. इकडे ऑपरेशन झालं; चालता येईल, खेळता येणार नाही, हे मावशींनीच त्याला सांगितलं. सांगताना त्या खिडकीकडे बघत होत्या.

मावशींच्या घरून नागपूरला परत निघताना तो पाया पडायला गेला, पण गुडघा वाकेना. "राहू दे रे," म्हणाल्या आणि दाराला धरून रडल्या. चौकातला बॅनर अजून तसाच होता म्हणे. बाबांना तो काढवत नव्हता.

मला त्यानं धुऊन मावशींच्या घरी खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरवर वाळत घातलं होतं. विसरला की ठेवून गेला, देव जाणे. मी सैल पडलेय, कोणाच्याच कामाची नाही. मावशी येताजाता बघतात, पण उचलत नाहीत.

माझं सांगणं एवढंच. तुमच्या पंगतीत कुणी पोर मांडी घालायचं टाळत असेल, तर खुर्ची देण्याआधी त्याला विचारा. आणि ते हात जोडायला लागलं, तर विरघळू नका.