किल्ली कुंडीखाली

समुद्रापासून दोन गल्ल्या आत, ऐन बाजारपेठेत आमचं तळमजल्याचं घर. घरमालकाने वरच्या खोल्या सुट्टीवर येणाऱ्यांना द्यायला सुरुवात केली आणि माझ्या डोक्याला ताप झाला. दिवसभर बॅगांच्या चाकांची खडखड, आणि जो तो बेल दाबणार माझीच. शिलाई मशीनवरून किती वेळा उठायचं माणसाने? समोर कुणी आलंच, तर मी एवढंच विचारायची, "किती दिवस?" पुढे दार उघडणंच सोडलं. मान वर न करता खिडकीतून नुसती ओरडायची, "किल्ली वर, कुंडीखाली!"

आज दुपारीही बेल वाजली, मी ओरडले. पावलं निमूट वर गेली, खाली आली आणि परत बेल! माझं डोकंच फिरलं. हातात कात्री तशीच घेऊन दार उघडलं.

"एकदा सांगितलेलं कळत नाही?"

दारात माझी लेक. भांडून गेलेली, तीन वर्षांनी आलेली. हातात वरची किल्ली.

"मला वाटलं, तू खिडकीतून बघितलंस," ती म्हणाली. "आणि तरीही वरच पाठवलंस."

तिला जवळ घ्यायला मी पुढे झाले, पण तोंडातून सवयीने निघून गेलं, "किती दिवस?"

तिने खाली ठेवलेली बॅग पुन्हा उचलली.