हेडन ब्लूर काय म्हणाला

निवडणुकीची सभा इंग्लंडमधल्या लाँगटन गावात, चर्चमागच्या हॉलमध्ये होती. मेविस उमेदवारांना ऐकायला गेलीच नव्हती. हेडन ब्लूर तिथं येणार, एवढंच तिला ठाऊक होतं.

चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात तो कपांना कान जोडायचा आणि ती वरच्या मजल्यावर फुलं रंगवायची. जेवणाच्या सुट्टीत दोघं एकाच पायरीवर बसत. कारखाना बंद व्हायच्या वेळी कामगारांच्या मतदानात मालकाच्या अटी मान्य करायला हेडननं हात वर केला. मेविस संप करून लढायच्या बाजूची. तेव्हापासून अबोला धरला तो धरलाच. पुढं तिचा नवरा गेला, त्याची बायको गेली, तरी दोघं रस्त्यात भेटली की मान वळवून जात.

सभेत नेहमीचंच चाललं होतं. एक उमेदवार म्हणत होता, बाहेरच्या स्वस्त मालावर जबर कर लावा, भट्ट्या पुन्हा पेटतील. त्याच्याविरुद्ध उभ्या असलेल्या बाईंचं म्हणणं, गॅसच्या या भावात कोण भट्टी पेटवतंय, पोरांना नवी कामं शिकवा. मग त्यांनी लोकांनाच विचारलं, की तुमच्यापैकी किती जण आपल्या नातवाला त्या कामावर धाडतील?

हेडन उठला.

"माझ्या भावाच्या छातीत त्या मातीची धूळ बसली आणि त्यातच तो गेला," तो म्हणाला. "नातवाला मी नाही पाठवायचा, बाई. पण मला म्हणाल, तर मी उद्या सकाळी जाईन."

दोन्ही उमेदवारांनी टाळ्या वाजवल्या. दोघांनाही तो आपल्याच बाजूचा वाटला. मेविसला मात्र पुढचं भाषण ऐकवेना. ती बाहेर येऊन बसथांब्यावर उभी राहिली.

थोड्या वेळानं हेडन आला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्याशी बोलला. "ऊठसूट भांडणारी तू, आज गप्प कशी?"

"तू बोललास की सगळं."

मग त्यानं सांगितलं, की पुढच्या आठवड्यात तो कायमचा मुलीकडे, ब्रिस्टलला चाललाय. गुडघे जिना चढू देत नाहीत. मेविस हं म्हणाली. त्यानं शनिवारी नाश्त्याला बोलावलं, तेव्हा मात्र तिनं आढेवेढे घेतले नाहीत.

शनिवारी त्यानं चीज घालून ओटकेक, म्हणजे ओटच्या पिठाची धिरडी, गरम केली. अर्धं घर खोक्यांत गेलेलं. दोघं दुपारपर्यंत तावातावानं भांडली: कर, संप, कारखाना वाचला असता की नसता. मेविस काही मागं हटली नाही, हेडनही नाही. निघताना ती दारात घुटमळली.

"तिकडं तुझ्याशी भांडायला कोण आहे रे?"

"कोणी नाही," हेडन म्हणाला.

ती पायीच घरी गेली. कारखान्याच्या जागी आता मोठं दुकान आहे. त्याच्या वाहनतळावर ती पायरी कुठं होती ते शोधत ती बराच वेळ फिरली, पण नक्की जागा काही तिला ठरवता येईना.