तिसऱ्या खिडकीतला दिवा

वेलिंग्टनच्या त्या हॉलमध्ये कार्टूनप्रेमींचा मेळावा भरला होता, पण श्रुतीच्या चित्रांच्या टेबलासमोर सकाळपासून कोणी थांबलं नव्हतं. शेजारी इंद्रनीलकडे रांग होती. तो एका कार्टून मालिकेतल्या तलवारवाल्या पोराची चित्रं विकत होता. ती मालिका सध्या जोरात होती. श्रुती मात्र अजून ‘ब्रॅकन पॉइंट’ला धरून बसलेली. दीपगृह सांभाळणाऱ्या तीन बहिणींची ती कार्टून मालिका संपून चार वर्षं झाली होती.

“तुझ्या बहिणींना पेन्शन दे आता,” इंद्रनील म्हणाला.

“शट अप, यार.” मग शेजारी बसलेल्या आजोबांकडे, गुरुनाथांकडे वळून ती हळूच म्हणाली, “आजही कोणी घेतलं नाही तर मीपण तलवारच काढणार. ब्रॅकन पॉइंट बंद.”

गुरुनाथांनी टेबलावरची प्लास्टिकच्या पाकिटांतली चित्रं पुन्हा सरळ लावली. पुण्यात तीस वर्षं ग्रंथपाल असलेल्या या माणसाने कधी कोणाला आपणहून पुस्तकसुद्धा सुचवलं नव्हतं. मग भर सभागृहात नात मान वर करून बसते, याचंच त्यांना केवढं कौतुक! वेलिंग्टनजवळच्या अप्पर हट गावातल्या घरी जेवणाच्या टेबलावर ती लाटा रंगवायची, तेव्हा ते वर्तमानपत्र आडवं धरून चोरून बघत.

श्रुती कॉफी आणायला गेली आणि नेमकी तेव्हाच पिकल्या केसांची एक बाई थांबली. टेबलामागे चिमट्याला टांगलेलं दीपगृहाचं चित्र ती बघतच राहिली.

गुरुनाथ लगबगीने उठले. भवानी! पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाऊ द्यायचं नसतं. प्लास्टिकमधला माल नवा, टांगलेला तो नमुना, आणि नमुना आधी विकून टाकायचा, ही पुण्याच्या लक्ष्मी रोडवरच्या दुकानांची रीत त्यांना ठाऊक होती. त्यांनी ते चित्र काढून पाकिटांवरच्याच किमतीला देऊन टाकलं.

“आर यू शुअर?” बाईने दोनदा विचारलं.

“येस, येस,” म्हणत त्यांनी नोट कपाळाला लावली.

श्रुती परतली. “आजोबा, मागचं कुठे गेलं?”

“गेलं! भवानी झाली!”

“ते ओरिजिनल होतं.” तिचा चेहरा उतरला. “बाकीच्या त्याच्या कॉप्या आहेत.”

अकरा शनिवार-रविवार लागले होते त्या चित्राला. कोणी नेलं ते विचारून ती गर्दीत शिरली. गुरुनाथांना वाटलं, आपण भारतातच राहायला हवं होतं.

दूर खांबापाशी ती बाई चित्र परत पुढे करताना दिसली. श्रुतीने हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. मग दोघी जोरजोरात हातवारे करत भांडू लागल्या. गुरुनाथांनी डोळे मिटून घेतले.

श्रुती रिकाम्या हाताने परत आली. गाल लाल झालेले.

“ती परत देत होती. पण आजोबा, तिने दीपगृहाची तिसरी खिडकी पाहिली! मालिकेच्या शेवटच्या भागात तिथे अंधार असतो. मी दिवा लावलाय, कारण माझ्या मते निघून गेलेली धाकटी बहीण घरी परत येते. ती म्हणते, मी टोटली चुकतेय! चार वर्षांत ब्रॅकन पॉइंटबद्दल कोणी विचारलंसुद्धा नव्हतं.”

“मग चित्र?”

“तिला दिलं. मागे सही केली.”

एवढ्या कष्टाचं चित्र, चूक काढणाऱ्या बाईला! गुरुनाथांनी ती नोट नातीच्या हातात ठेवली. आपल्याला हे सात जन्मांत जमलं नसतं.

श्रुतीने कोरा कागद ओढला आणि दीपगृहाखालच्या खडकांची रेघ मारायला घेतली.

“आजोबा, जरा सरका ना. लाइट अडतोय.”