चौकट आली नव्हती

"चौकट आलीच नाही, साहेब," कमळाताई तिसऱ्यांदा म्हणाल्या.

रुग्णालयाचे व्यवस्थापक साळवी यांनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं. "असं कसं होईल? गुरुप्रसाद, होईल का असं?"

गुरुप्रसाद दाराशी उभा होता. रुग्णालयाचे सगळे कॉम्प्युटर तोच सांभाळायचा. सकाळपासून त्याच्या पोटात चहाचा घोटही गेला नव्हता. कमळाताईंकडे न बघता तो म्हणाला, "बाहेरून आलेली फाइल उघडताना सूचना येते सर. येतेच."

"म्हणजे यांनी 'हो' दाबलं असणार."

"नाही दाबलं. चौकट आली की मी हात काढते आणि यांना हाक मारते. अकरा वर्षं तेच करते. विचारा त्यांना."

"इंग्रजीत असते ती. तुम्हाला कळली नसेल."

कमळाताईंच्या टेबलाच्या खणात एक शंभर पानी वही होती. स्क्रीनवर जी जी इंग्रजी चौकट आली, ती त्यांनी अक्षर न अक्षर त्या वहीत उतरवून घेतली होती, घरी नेऊन लेकीकडून, तेजलकडून, तिचा अर्थ विचारला होता आणि खाली मराठीत लिहून ठेवला होता. अशा त्रेचाळीस चौकटी होत्या. पण रेकॉर्डच्या खोलीला सकाळीच कुलूप घातलं होतं, आणि वही मागितली असती तरी ती कोणी आणून दिली नसती.

घडलं होतं ते इतकंच. मंगळवारी दुपारी मुंबईच्या एका रुग्णालयाच्या नावाने मेल आली. पाठवलेल्या पेशंटचे कागद, असं वर लिहिलेलं. अशा मेली दिवसाला तीन-चार यायच्या. कमळाताईंनी मेलीला जोडलेला झिप फाइलचा गठ्ठा उलगडला, आत दुसरा गठ्ठा निघाला, तोही उलगडला. आतल्या कागदावर दोनदा टिचकी मारली. नेहमीची चौकट आली नाही. एक पांढरं पान क्षणभर उघडलं आणि मिटलं. त्यांनी रजिस्टरात नोंद केली, 'कागद उघडत नाहीत, परत मागवणे', आणि त्या पुढच्या कामाला लागल्या.

बुधवारी सकाळी रुग्णालयातल्या सगळ्या स्क्रीनवर लाल अक्षरांत एकच इंग्रजी मजकूर होता. अकरा वर्षांत दाखल झालेल्या प्रत्येक माणसाचा रक्तगट, आजार, औषधं, सगळं कुलूपबंद झालं होतं आणि किल्ली कुठल्या मुलखातल्या कोणाकडे आहे ते कोणालाच माहीत नव्हतं.

साळवींच्या शेजारच्या खुर्चीत एक वयस्कर विश्वस्त बसले होते. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मावशीला खुर्चीवर बसवलं, ही आपलीच चूक."

कमळाताई त्या रुग्णालयात मावशी म्हणूनच लागल्या होत्या. एकोणिसाव्या वर्षी. भांडी उचलायची, लाद्या पुसायच्या, मेलेल्या माणसाच्या अंगावरची चादर नीट करायची. मधेच त्यांनी दहावीचा अभ्यास केला, दुसऱ्या खेपेला पास झाल्या. पुढे जेव्हा कागदावरचं सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरलं, तेव्हा डॉक्टरांचं अक्षर कोणालाच लागेना. कमळाताईंना लागायचं. सव्वीस वर्षं वॉर्डातून औषधाच्या दुकानात चिठ्ठ्या पोचवून त्यांना ते पाठ झालं होतं. म्हणून त्यांना खुर्ची मिळाली. लोक वर्षभर मावशीच म्हणत राहिले, मग हळूहळू ताई म्हणू लागले. आता त्या छप्पन्न वर्षांच्या होत्या. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती.

"लिहा," साळवींनी कोरा कागद पुढे सरकवला. "सूचना दिसूनही मी ती फाइल उघडली. एवढंच लिहा आणि सही करा."

"दिसली नाही तर कसं लिहू?"

"मग काय दिसलं ते लिहा. पण लिहा."

कमळाताईंनी पेन घेतलं. साळवींच्या खोलीची खिडकी अपघात विभागाच्या दारावर उघडायची. तिथं एक रिक्षा येऊन थांबली होती. एका तरुण बाईने एका म्हातारीला धरून खाली उतरवलं. म्हातारीच्या पायाला फडकं गुंडाळलेलं होतं आणि मान एका बाजूला कलली होती. कमळाताईंनी तिला ओळखलं आणि त्या उठल्या.

"साहेब, ती सोनूबाई गोताड आहे. देवरूखकडची. तिला पेनिसिलिनची रिअॅक्शन येते. दोन वर्षांमागे इथंच आली होती, मरता मरता वाचली."

"डॉक्टर आहेत तिथं. ते विचारतील."

"ते नवीन आहेत. आणि ती तापात आहे, ती काय सांगणार? सोबतची बाई तेव्हा इथं नव्हती. तुम्ही नुसता फोन लावा."

"कमळाबाई, बसा." सकाळपर्यंत साळवी त्यांना ताई म्हणत होते. "आज तुम्ही कोणाला काही सांगण्याच्या परिस्थितीत नाही. आधी हे पुरं करा."

कमळाताईंनी गुरुप्रसादकडे पाहिलं. "तुम्ही तरी जा."

गुरुप्रसादने साळवींकडे पाहिलं. साळवी कागदाकडे बघत होते. तो दारातून हलला नाही.

आणि कमळाताई बसल्या.

पुढे त्यांनी या गोष्टीचा पुष्कळ विचार केला. त्या खोलीला दार होतं, ते उघडं होतं, कोणी त्यांचा हात धरला नव्हता. पण सदतीस वर्षं त्या इमारतीत कोणी 'बसा' म्हटलं की त्या बसत आल्या होत्या आणि 'जा' म्हटलं की जात आल्या होत्या. त्यांनी दोन ओळी लिहिल्या. त्यांना दिसत होतं ते सोनूबाईचं दोन वर्षांपूर्वीचं तोंड. बरी झाल्यावर घरी जाताना ती रेकॉर्डच्या खोलीत आली होती, आमसुलांची पुडी टेबलावर ठेवून म्हणाली होती, "बाय, माझा नाव मोठ्या अक्षरात लिवून ठेव. परत तसला मरण नको." कमळाताईंनी तिच्यासमोरच ती नोंद लाल अक्षरांत केली होती.

तिसऱ्या ओळीवर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि कोणाला न विचारता उठल्या. भिंतीवरच्या घड्याळात त्यांना बसून दहा मिनिटं झाली होती.

अपघात विभागाच्या दारात मृणाली सिस्टर भेटली. "ताई, तुम्हाला आज आत सोडू नका असा फोन आलाय."

"नको सोडूस. सोनूबाईला पेनिसिलिन देऊ नका, एवढंच डॉक्टरांना सांग."

मृणालीचा चेहरा उतरला. ती वळून आत पळाली. पण इंजेक्शन देऊन तीन मिनिटं झाली होती.

आत माणसांची धावाधाव सुरू झाली. कमळाताई दाराबाहेर भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आतल्या आवाजांवरून काय चाललंय ते त्यांना कळत होतं, सदतीस वर्षं ते आवाज त्यांनी ऐकले होते. मग आवाज थांबले, तेही कळलं.

त्या साळवींच्या खोलीत परत आल्या तेव्हा टेबलावर दुसरा कागद तयार होता. कोणीतरी नीट अक्षरात लिहिला होता. 'सूचना दिसूनही मी दुर्लक्ष केले. त्यामुळे रुग्णांची माहिती उपलब्ध होऊ शकली नाही.' कमळाताईंनी तो वाचला की नाही, हे नंतर त्यांनाही सांगता आलं नाही. खाली पूर्ण नाव लिहून त्यांनी सही केली.

शनिवारी त्यांना कामावरून कमी केल्याचं पत्र आलं. गावातल्या वर्तमानपत्रात बातमी आली, तिच्यात 'महिला कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे वृद्धेचा मृत्यू' असं होतं. नाव नव्हतं, पण नाव लागतंच कोणाला. भाजीवालीने दोन दिवस त्यांच्याकडे बघितलं नाही. हातखंब्याच्या शाळेत शिकवणाऱ्या तेजलला तिथल्या मुख्याध्यापिकेने मधल्या सुट्टीत बोलावून विचारलं, "ती तुझी आई का?"

सोनूबाईचं तेरावं झाल्यावर कमळाताई देवरूखच्या पुढे, तिच्या वाडीवर गेल्या. तेजल नको म्हणत होती. सोनूबाईची सून राही घरापुढच्या खळ्यात आंब्याच्या रसाची साटं वाळत घालत होती. तिचा नवरा मुंबईला परत गेला होता.

"तुमी त्या हास्पिटलातल्या काय?"

"व्हय."

"कॉम्पुटर तुमीच बिघडवलाव ना?"

"त्यासाठी नाय आले मी," कमळाताई म्हणाल्या. वाडीवर आल्या की त्यांची भाषा आपोआप बदलायची. "मला ठावक होता, तिला ता इंजेक्शन चालत नाय. खिडकीतनं मी तिला बघितली. साहेबाला सांगितला. तो बोलला बसा, नि मी बसले."

राहीचे हात थांबले.

"ठावक होता, तर बसलाव कशाला?"

राहीने पुन्हा विचारलं नाही. पाणीही विचारलं नाही. थोड्या वेळाने साटांवर फडकं टाकून ती घरात गेली आणि दार लोटून घेतलं.

येताना राजापूरकडे जाणारी गाडी मिळाली, म्हणून कमळाताई हातखंब्याला उतरून घरी जायला रत्नागिरीच्या गाडीची वाट बघत उभ्या होत्या. गुरुप्रसाद मोटारसायकलवरून पुढे गेला, मग वळून परत आला. हेल्मेट काढून हातात धरून उभा राहिला.

"ताई, चौकट आली नव्हती," तो म्हणाला.

रस्त्याकडे बघणाऱ्या कमळाताई त्याच्याकडे वळल्या.

"बाहेरून आलेल्या फाइलीला कॉम्प्युटर एक खूण लावतो. ती खूण दिसली की चौकट येते. आपण गठ्ठे उलगडायला जो प्रोग्राम वापरतो ना, त्यातच दोष होता. गठ्ठ्याच्या आत गठ्ठा असला, की उलगडताना खूण गळून पडायची. मी माझ्या मशीनवर करून बघितलं. चारदा केलं. एकदाही आली नाही."

"दोष कोणाला ठाऊक होता?"

"सगळ्यांना. म्हणजे, आमच्या लाइनीतल्या सगळ्यांना. दुरुस्ती जानेवारीतच आली होती. मी टाकली नव्हती. साळवीसाहेब म्हणाले होते, कामाच्या वेळात मशीन बंद करू नका. आणि मग ते राहूनच गेलं."

"तुम्ही हे करून बघितलं कधी?"

गुरुप्रसादने हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "त्याच संध्याकाळी."

रत्नागिरीची गाडी आली. कमळाताई चढल्या. खिडकीशी येऊन तो म्हणाला, "माझं नाव घेऊ नका ताई. मला पुण्याला दुसरी नोकरी लागतेय." गाडी सुटेपर्यंत तो तिथंच उभा होता.

तेजलने अर्ज लिहिला. चौकट, खूण, दोष, जानेवारी, सगळं मुद्देसूद. कमळाताईंनी तिला फक्त गुरुप्रसादचं नाव खोडायला लावलं. दोघी साळवींकडे गेल्या. साळवींनी अर्ज शेवटपर्यंत वाचला आणि घडी घालून खणात ठेवला.

"हे आम्हाला माहीत आहे," ते म्हणाले. "कॉम्प्युटर तपासणीवाल्यांचा अहवाल गेल्याच महिन्यात आला. तुम्ही म्हणत होतात तसंच आहे."

"मग?" तेजल म्हणाली.

"मग काय? बाई गेली, तिच्या मरणाचं उत्तर कोणीतरी द्यायलाच हवं. डॉक्टर अठ्ठावीस वर्षांचा आहे, त्याचं आख्खं आयुष्य पुढे आहे. रुग्णालय बंद पडलं तर तालुक्यातली माणसं जातील कुठे? कमळाबाईंची दोनच वर्षं राहिली होती." त्यांच्या आवाजात राग नव्हता, वेळापत्रक समजावून सांगावं तसं ते सांगत होते. "आणि सही तुमचीच आहे ना?"

"माझीच," कमळाताई म्हणाल्या.

त्या उठल्या तेव्हा साळवींनी त्यांना थांबवलं. मागच्या शेडमधे अकरा वर्षांपूर्वीचे आणि त्यानंतरचेही कागद पोत्यांत भरून होते. ते सगळे पुन्हा कॉम्प्युटरवर घ्यायचे होते. वेदिका नावाची मुलगी टाइप करायला ठेवली होती, पण अक्षर लागत नव्हतं. तुम्ही येऊन नुसतं वाचून दाखवाल का? रोजंदारीवर. कॉम्प्युटरला मात्र हात लावायचा नाही.

बाहेर पडल्यावर तेजल रस्त्यातच थांबली. "तू जाणार नाहीस, आई. एवढं करून वर बोलावतात, लाज कशी वाटत नाही त्यांना."

"डॉक्टरांचा अक्षर दुसऱ्या कुणाला वाचता येत नाय," कमळाताई म्हणाल्या.

"म्हणून?"

"म्हणून जायचा."

तेजल आठ दिवस आईशी नीट बोलली नाही. कमळाताई सोमवारी कामावर गेल्या. शेडमधे पत्रा तापायचा, पोत्यांतून झुरळं पळायची. वेदिका कॉम्प्युटरपुढे बसायची आणि कमळाताई तिच्या मागे स्टुलावर. त्या नाव वाचायच्या, वय, गाव, आजार. कशाची रिअॅक्शन असेल तर आवाज जरा चढवून दोनदा सांगायच्या, आणि वेदिकाने टाइप केलेलं मागून वाकून वाचायच्या. दुपारी चहाची फेरी शेडपर्यंत यायची नाही, तेव्हा त्या नळाचं पाणी प्यायच्या.

साडेपाचला सुटायच्या वेळी फाटकावर राजाराम असायचा. तो आणि कमळाताई एकाच वर्षी त्या रुग्णालयात लागले होते. तो वॉर्डबॉय होता, कंबर गेल्यावर त्याला फाटकावर बसवला. नवा हुकूम असा होता, की शेडमधे काम करणाऱ्या बाहेरच्या माणसांच्या पिशव्या जाताना तपासायच्या.

पहिल्या दिवशी कमळाताई आल्या तेव्हा राजाराम रजिस्टरात मान घालून काहीतरी लिहायला लागला. "जा तू," तो पुटपुटला. "तुझी काय पिशवी बघायची."

कमळाताईंनी पिशवी त्याच्या टेबलावर ठेवली आणि चेन उघडली. डबा काढला, बामची बाटली, चष्म्याचं घर, रुमाल. एकेक वस्तू टेबलावर ओळीने मांडली. पिशवी उलटी करून झटकून दाखवली. मागे सुटलेल्या सिस्टर खोळंबल्या होत्या.

"नीट बघ," त्या म्हणाल्या. "बघितला म्हणून लिव, नि सही कर."

राजारामने सही केली. कमळाताईंनी सगळ्या वस्तू एकेक करून परत आत ठेवल्या, पदर सारखा केला आणि त्या रस्त्याला लागल्या.