दोष नळाचा नव्हता

मित्रांनो, मी एक जुना पितळी नळ आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मी कुणाची माफी मागायला आलेलो नाही.

माझा जन्म ओतशाळेत झाला. वितळलेलं पितळ साच्यात ओतलं, कानशीनं घासलं, आटे पाडले, आणि कारागिरानं फुंकर मारून पाहिली. "हा टिकेल," तो म्हणाला. टिकलो की नाही, बघा!

उतारावरच्या एका छोट्या वसाहतीत, आत्याच्या मोरीत मला बसवलं. आत्या म्हणजे कपडे धुऊन देणारी बाई. सख्खी आत्या ती कुणाचीच नाही, पण सगळे तिला आत्याच म्हणतात. कोपऱ्यावरच्या लॉजच्या चादरी आणि टॉवेल तिच्याकडे येत, आणि त्यावर तिचं घर चाले. माझ्या धारेखाली साबण असा फेसाळायचा की आत्याचे हात कोपरापर्यंत दिसेनासे व्हायचे. "माझा नळ म्हणजे सोनं," ती शेजारणींना सांगायची. मी हुरळून जायचो, खोटं कशाला बोलू?

वसाहतीची स्वतःची बोअर होती. पाणी दिसायला काचेसारखं, पण जड, चुन्यानं भरलेलं. म्हणून पंपाच्या खोलीत एक टाकी होती. तिच्यातले बारीक मणी पाण्यातला चुना धरून ठेवत. मणी चुन्यानं भरले की ते मिठाच्या पाण्यानं धुवायचे. ते धुवण गटारात जायचं आणि मणी पुन्हा कामाला लागायचे.

एकदा चेअरमनकाकांनी मिठाची पोती पाहिली आणि वसाहत डोक्यावर घेतली. "पाण्यात मीठ? इथं आमचं बीपी वर चाललंय!" सभेत मीठ बंद करायचं ठरलं. आत्या घरी आली आणि माझ्याखाली हात धुताना म्हणाली, "बरं झालं बाई. पहिला हात मीच वर केला."

झालं! काही महिन्यांत माझ्या तोंडावर पांढरा थर चढला. धार बारीक झाली, वाकडी झाली. साबणाला फेस येईना, नुसता चिकट साका. चादरी करड्या पडल्या, टॉवेल पुठ्ठ्यासारखे कडक झाले. लॉजचा मॅनेजर दारात येऊन म्हणाला, "आत्या, पाहुणे नाकं मुरडतात हो. महिनाभरात कपडे सुधारले नाहीत, तर काम दुसरीकडे द्यावं लागेल. माझा नाइलाज आहे."

आणि खापर कुणावर फुटलं? माझ्यावर! प्लंबर मला ठोकून म्हणाला, "हा सडलाय. बदलून टाकू." सडलाय? अरे, मी पितळेचा आहे! पण नळाचं ऐकतो कोण? माझी रवानगी खिडकीत झाली आणि माझ्या जागी एक चकचकीत नवा गडी आला. म्हटलं, बघतोच याचा तोरा किती दिवस टिकतो.

मॅनेजरची मुदत संपायच्या आतच त्याच्याही तोंडाला पांढरी कड आली. आत्यानं ती नखानं खरवडली. मग मला उचलून माझ्या तोंडात बोट घालून पाहिलं. तिथेही तोच थर. "अगं बाई! हे तर मीठ बंद केल्यापासूनचं!"

त्याच संध्याकाळी तिनं सगळ्यांना पंपाच्या खोलीपुढे गोळा केलं. मी तिच्या मुठीत होतो. एका बाटलीत टाकीत जाण्याआधीचं पाणी, दुसरीत टाकीतून आलेलं. दोन्हींत साबणाचा चुरा टाकून तिनं बाटल्या गदागदा हलवल्या. फेस कुठेच नाही.

"दोन्ही सारख्याच दिसतात की," चेअरमनकाका म्हणाले.

"तेच म्हणते मी! मग टाकी करतेय काय? ते मीठ मणी धुवायला होतं, काका. तुमच्या पिण्यासाठी टाकीच्या आधी वेगळा नळ काढू. पण मीठ सुरू करा."

"तेव्हा पहिला हात तुमचाच होता ना?" मागून कुणीतरी ओरडलं.

आत्याची मान खाली गेली. मग तिनं मला उंच धरलं. "होता. चुकले मी. आजही पहिला हात माझाच. माझी चूल यावर पेटते हो!"

एकेक करून हात वर आले. काकांचा शेवटी आला, पण आला.

मणी धुतले गेले. फेस परत आला. मॅनेजरनं टॉवेल गालाला लावून पाहिला आणि पुढचं गाठोडं आत्याच्या हातात दिलं. आत्यानं मला व्हिनेगरमध्ये भिजत घालून माझ्या तोंडातला चुना काढला आणि प्लंबरला बोलावलं.

"नवा चांगला चाललाय की. हा जुनाट कशाला परत?"

"याच्यावर उगाच आळ घेतला मी," आत्या म्हणाली. "बसव गुमान."

मित्रांनो, आम्हा नळांना पुसून लख्ख ठेवा, आम्हाला आवडतं. पण धार बिघडली, तर आधी पाण्याची चौकशी करा, पंपाच्या खोलीत डोकावा, आणि मगच पान्हा हातात घ्या. एवढं सांगूनही कुणी माझ्याकडे बोट दाखवलंच, तर मी मुकाट्यानं ऐकून घेणार नाही. माझं तोंड आता मोकळं झालंय.