बाळासोंचा नमस्कार

"बाळासो, खाली या बघू. माणसं हसायला लागलीत."

तालमीच्या पत्र्याकडे मान वर करून सिस्टर हे तिसऱ्यांदा म्हणाल्या, तेव्हा रस्त्याने चाललेला एक परगावचा माणूस थांबला. कुणी बाळासो घेऊन-बिऊन वर चढून बसलेत की काय, अशी त्याला शंका आली असावी. "उतरत्यात की मावशी, जरा दमानं घ्या," असं म्हणून त्याने वर पाहिलं, तर पत्र्याच्या टोकावर हिरवागार पोपट.

तो हसला. सगळेच हसत होते. त्या संध्याकाळी शिवाजी पेठेत हसायला तसंही निमित्त लागत नव्हतं. फुटबॉलची फायनल जिंकलेली, हलगी कडाडत होती, गुलालाने रस्ता लाल झाला होता, आणि कोपऱ्यावर फटाक्यांची दुसरी माळ पसरायचं काम चाललं होतं.

पहिल्या माळेनेच घात केला होता. आवाज सुरू झाला तसा गॅलरीतल्या पिंजऱ्यात पोपट गजांवर आपटायला लागला. तेव्हा सिस्टरांनी तेच केलं, जे त्या नोकरीत चौतीस वर्षं करत आल्या होत्या. पोर घाबरलं की आधी छातीशी धरायचं, कारण मागाहून शोधायचं. त्यांनी पिंजऱ्याचं दार उघडून दोन्ही हात आत घातले, आणि त्या दोन हातांच्या मधून तो निघून गेला.

दुसरी माळ पेटली. पोपट पत्र्यावरून उठला आणि शाहूपुरीच्या दिशेने निघाला. सिस्टर बघतच राहिल्या. सतरा वर्षं ज्याचं त्यांनी सगळं केलं, त्याला उडताना त्या आज पहिल्यांदा बघत होत्या. शेपटीची खालची बाजू पिवळसर आहे, हेही त्यांना आजच कळलं.

कालिंदी सिस्टर महापालिकेच्या प्रसूतिगृहातून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती. लग्न त्यांनी केलं नव्हतं. का, ते विचारायची पेठेत कुणाची छाती नव्हती, कारण पेठेतली निम्मी माणसं त्यांनी उघडी बघितलेली होती. नोकरी संपली तरी गल्लीने त्यांना निवृत्त होऊ दिलं नाही. कुणाचं बीपी, कुणाचं इंजेक्शन, कुणाच्या पोराला उलट्या. खालून "सिस्टर!" अशी हाक आली की वरून "आले!" हे ठरलेलं.

पोपट आला तो नोकरीतली पाच वर्षं उरलेली असताना. शाहूवाडीकडचा एक शेतकरी बायकोला बाळंतपणासाठी घेऊन आला होता. पोर सातव्या महिन्यातलं, सव्वा किलोचं. ते जगलं. महिन्याभराने तो माणूस बुट्टी घेऊन परत आला. "बाई, झाड तोडताना ढोलीत घावलं. तुमच्या हाताला यश हाय, ह्येलाबी जगवा," म्हणाला. बुट्टीत पिसं न फुटलेला, गुलाबी, डोळे मिटलेला मांसाचा गोळा होता. सिस्टरांनी त्याला कापसात गुंडाळून बुटाच्या खोक्यात ठेवलं, वर साठचा बल्ब लावला आणि दोन-दोन तासांनी ड्रॉपरने भरवलं. पोर वाढलं, तसं त्याला नावही मानाचं मिळालं.

त्याला "राम राम" शिकवायला त्यांनी वर्षभर घसा कोरडा केला. बाळासोंनी ते काही घेतलं नाही. गल्ली दिवसभर जे ओरडायची ते मात्र आपोआप उचललं. "सिस्टर!" अगदी घाईत असलेल्या माणसासारखं. कितीदा तरी सिस्टर "आले!" म्हणत खिडकीशी जायच्या आणि खाली कुणी नसायचं. मग त्या पिंजऱ्याकडे वळून म्हणायच्या, "तुम्ही होय?" आणि बाळासो मान खाली घालून, मानेवरची पिसं फुलवून गजाला टेकायचे. सिस्टर तिथे बोटाने खाजवायच्या. आलेल्या-गेलेल्याला त्या अभिमानाने सांगत, "बघा, नमस्कार करतात. मी नाही शिकवलं. उपजत आहे."

तीन दिवस विश्वजितने त्यांना रिक्षातून गावभर फिरवलं. विश्वजित चाळिशीचा, त्याच गल्लीतला, आणि सिस्टरांच्याच हातावर जन्मलेला. मागच्या सीटवर सिस्टर आणि शेजारी रिकामा पिंजरा. दर झाडाखाली रिक्षा थांबायची. चौथ्या दिवशी त्याच्या मोबाइलवर फोटो आला. शाहूपुरीत एका दुकानाच्या फलकावर कावळ्यांनी टोचलेला पोपट सापडला होता आणि डॉक्टर इरावती म्हणून जनावरांच्या डॉक्टर होत्या, त्यांच्याकडे होता.

"सिस्टर, एक ऐका," रिक्षा चालवता चालवता विश्वजित म्हणाला. "आपला हाय म्हणू नका. पोपट पाळणं गुन्हा हाय आता. नुसतं बघायला आलोय म्हणायचं."

"चौतीस वर्षं रजिस्टरला खोटी वेळ लिहिली नाही मी."

"रजिस्टर कुठं हाय हितं? गप बसायचं तेवढं. जमंल न्हवं?"

"जमेल."

जमलं नाही. दवाखान्यात त्या "नमस्कार, ते पोपटाचं..." एवढंच म्हणाल्या असतील, तोच गच्चीवरून हाक आली, "सिस्टर!"

"आले!" सिस्टर म्हणाल्या आणि जिना चढायलाही लागल्या. विश्वजितने कपाळावर हात मारला.

गच्चीवर जाळीची मोठी खोली होती. आत सुकलेल्या फांद्या बांधलेल्या, पाण्याच्या थाळ्या, आणि कुठून कुठून सोडवून आणलेले तीन पोपट. चौथा पंखाला मलम लावलेला, जाळीला लटकलेला, दुसऱ्या कुणाचा असता तर बरं झालं असतं इतका रोडावलेला. सिस्टरांनी जाळीतून बोट घातलं. बाळासोंनी मान खाली घातली.

"चार दिवस उपाशी आहे," डॉक्टर म्हणाली. तिशीची असेल. रागावली होती, पण आवाज चढवला नव्हता. "पेरू ठेवला, डाळ ठेवली, शिवत नाही. किती वर्षं होता तुमच्याकडे?"

"सतरा."

"केवढ्या पिंजऱ्यात?"

सिस्टरांनी हाताने दाखवलं. दाखवताना तो पिंजरा त्यांना पहिल्यांदाच लहान वाटला. म्हणून त्या जरा फणकाऱ्यानेच बोलल्या, "रोज डेटॉलने पुसत होते. गॅलरीत ऊन यायचं. आणि मीही दोन खोल्यांतच राहिले की. मला कुठे काय झालं?"

"तुमच्या दाराला कडी आतून होती," डॉक्टर म्हणाली.

सिस्टरांनी पर्समधून भिजवलेल्या डाळीची डबी काढली. एकेक दाणा बोटावर ठेवून पुढे केला, आणि तो खायला लागला. डॉक्टर बराच वेळ बघत उभी राहिली. मग म्हणाली, "उद्या दहाला या."

त्या रोज दहाला जाऊ लागल्या. तासभर भरवायच्या, गल्लीतल्या बातम्या सांगायच्या, अकराला उठायच्या. पंखाची जखम सुकली. पण डॉक्टरचा चेहरा काही खुलेना.

पाचव्या दिवशी रिक्षा लवकर पोचली. सिस्टर जिना चढून वर गेल्या आणि दारातच थांबल्या. बाळासोंची पाठ त्यांच्याकडे होती. शेजारी फांदीवर एका डोळ्याने आंधळी, गळ्याला रंगीत कंठ नसलेली मादी बसली होती. बाळासोंनी मान खाली घातली, मानेवरची पिसं फुलवली. अगदी तश्शीच. आणि मादीने चोचीने तिथे, बरोबर त्याच जागी, एकेक पीस उकलायला सुरुवात केली.

"हे काय करतात?" सिस्टरांनी हळूच विचारलं.

"पिसं साफ करतात एकमेकांची," मागून आलेली डॉक्टर म्हणाली. "स्वतःची चोच मानेपर्यंत पोचत नाही ना. तेवढ्यासाठी दुसरा पोपट लागतो. एकटा असला की तो पिंजऱ्याजवळ जो येईल त्याच्यापुढे मान वाकवतो."

सतरा वर्षांत किती वेळा सिस्टरांनी कामात असताना "आता नाही हं" म्हणून हात मागे घेतला होता, ते सगळं त्यांना एकदम आठवलं. नमस्कार नव्हता तो. मागणं होतं, आणि ते त्यांनी पाहुण्यांना गंमत म्हणून दाखवलं होतं. त्यांना तिथल्या तिथे रडू आलं.

रडण्याचा आवाज बाळासोंनी ऐकला. लगेच मादीला सोडून ते जाळीशी आले. "सिस्टर!"

"बघितलंत?" डॉक्टर म्हणाली. "तुम्ही आलात की तो यांना सोडतो. तुम्ही गेलात की दुसऱ्या दिवशी दहापर्यंत इथेच जाळीला धरून बसतो. आज पहिल्यांदाच तिच्याजवळ फांदीवर गेला होता. कण खात नाही. असा किती दिवस तगेल?"

"मग बाहेर सोडणार त्याला?"

"बाहेर कदाचित कधीच जमणार नाही. कावळ्यांनी एकदा सोडला, परत सोडणार नाहीत. पण इथे उडेल, यांच्यात राहील. वनखात्याला मी तसं कळवलंय. उद्या तुम्ही समोर यायचं नाही. त्याने दुपारपर्यंत खाल्लं, तर तो इथला. नाही खाल्लं, तर घेऊन जा. उपाशी मारायला मी त्याला आणलेला नाही. मग वनखात्याला काय सांगायचं ते मी बघेन."

त्या रात्री सिस्टरांनी पिंजरा घासला. पुसला. वाटीत पाणी भरलं, मग ओतून टाकलं, मग पुन्हा भरलं.

सकाळी विश्वजितने पिंजरा बघितला आणि त्याला आनंद झाला. "न्यायचंच ठरलं व्हय? झ्याक केलंसा. सिस्टर, लई सोपं हाय बघा. त्यानं हाक मारली की तुमी नुसतं 'आले' म्हणा. दाण्याला शिवत न्हाय मग त्यो. दुपारला बाळासो घरात."

"ते मला कळतंय," सिस्टर म्हणाल्या.

त्या गच्चीच्या दाराआड, वरून दुसऱ्या पायरीवर बसल्या. दोन पायऱ्या खाली विश्वजित. दार लोटलेलं होतं आणि डॉक्टर फटीतून आत बघत होती. खाली रस्त्यावर मालाचा टेम्पो रिकामा होत होता.

दहा वाजले.

"सिस्टर!"

त्यांचा हात गुडघ्यावर गेला. चौतीस वर्षं आणि वर बारा, या हाकेला त्या उठल्या नव्हत्या असं एकदाही झालं नव्हतं. तापात उठल्या होत्या, आई वारली त्या दिवशीही उठल्या होत्या.

"सिस्टर! सिस्टर!"

प्रसूतिगृहात अपुऱ्या दिवसांची पोरं वाटी-चमच्यावर यायची, तेव्हा त्यांच्या आया काचेला नाक लावून उभ्या राहत. सिस्टर त्यांना हुसकायच्या. "जा तिकडे. तुम्ही दिसलात की रडतो, दूध घेत नाही." एकीने त्यांना तोंडावर कसाबीण म्हटलं होतं. बाई उगाच तोंड टाकते, असं तेव्हा त्यांना वाटलं होतं. आता त्या बाईचं नावसुद्धा त्यांना आठवेना.

हाका वाढत गेल्या. आधी घाईच्या, मग रागाच्या. मग आवाज चिरकला. विश्वजितला ते ऐकवेना. "सिस्टर, अवो द्या की ओ. मरंल त्यो," तो कुजबुजला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सिस्टरांनी पदराचा बोळा तोंडात धरला आणि मान हलवली. नाही.

साडेअकराला शेवटची हाक आली. नंतर काही आलं नाही.

त्या शांततेत त्यांना वाटलं, संपलं सगळं. तो गेला, आणि आपण दारापलीकडे बसून राहिलो. पण डॉक्टर फटीपाशीच होती, हलत नव्हती. बऱ्याच वेळाने ती मागे वळली आणि वाकून अगदी हळू बोलली.

"थाळीवर गेलाय. पेरू खातोय. तिच्या शेजारी बसून."

सिस्टरांनी तोंडातला पदर काढला. नीट घडी करून खांद्यावर घेतला. "बघू?" असं त्या ओठांवर आणणार होत्या, पण आणलं नाही. कठड्याला धरून उठल्या. "पेरू फार पिकलेला देऊ नका. पोट बिघडतं त्याचं," एवढं डॉक्टरला सांगितलं आणि चपलांचा आवाज होऊ नये म्हणून त्या हातात घेऊन जिना उतरल्या.

रिक्षा निघाली. शेजारच्या सीटवर घासूनपुसून लख्ख केलेला पिंजरा होता आणि वाटीतलं पाणी खड्ड्याखड्ड्याला सांडत होतं. शाहूपुरी मागे पडली. बिंदू चौकाच्या सिग्नलला विश्वजितने रिक्षा थांबवली, तेव्हा मागून बारीक आवाज आला.

"आले. आले हं. आले."

त्याने आरशात बघितलं. सिस्टर बाहेर बघत होत्या.

"काय म्हणालासा?"

"काही नाही," सिस्टर म्हणाल्या. "सिग्नल सुटला. चल."