रॉइस लिट्रेल आणि सात पौंडांचा बास

रॉइस लिट्रेल गाद्या विकायचा. उत्तर अलाबामातल्या त्या गावात निम्मी माणसं त्याच्या गाद्यांवर झोपत, आणि उरलेल्यांनी त्या का घ्याव्यात हे तो त्यांना चर्चच्या पायऱ्यांवर गाठून समजावत असे. त्याची जीभ कधी रिकामी गेली नव्हती. गळ मात्र बहुतेक वेळा रिकामाच येई.

हॅचर तलावावरच्या बास मासे पकडण्याच्या स्पर्धेत तो अकरा वर्षं उतरत होता. त्यातली आठ वर्षं एकही मासा नाही. कधी वारा आडवा आला, कधी धरणवाल्यांनी पाणी सोडलं, एकदा तर चंद्राची कला चुकली. चांगल्या स्पर्धकांच्या शर्टावर मोठमोठ्या कंपन्यांची नावं असत. रॉइसला कोणी प्रायोजक मिळेना, तेव्हा त्याने स्वतःलाच गाठलं, बरीच मिनतवारी करून पटवलं, आणि शर्टावर नऊ ठिकाणी ‘लिट्रेल मॅट्रेस’ छापून घेतलं.

बाराव्या वर्षी चिठ्ठ्या टाकल्यावर त्याच्या बोटीत जोडीदार म्हणून मिस इमोजीन हॅचेट आल्या. वय एकाहत्तर. लग्न, मुलं, नातवंडं सगळं होऊनही गावाच्या रिवाजाप्रमाणे त्या मिस इमोजीनच होत्या. तीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली होती आणि त्या बसमधून रॉइसही गेला होता. स्पर्धेचा नियम असा, की बोटवाला पुढे उभा राहणार, जोडीदार मागे, आणि प्रत्येकाचे उत्तम पाच मासे वेगळे तोलायचे. पहाटे धक्क्यावर त्या आल्या तेव्हा हातात गळाची एकच जुनी काठी होती आणि एक डबा. रॉइसच्या काठ्या चौदा होत्या.

“एवढ्या कशाला रे?” त्यांनी विचारलं.

“प्रत्येकीचं काम वेगळं असतं, मिस इमोजीन.”

“बरं. बसमध्येही तू तीन दप्तरं आणायचास. गृहपाठ एकातही नसायचा.”

प्रार्थना झाली, राष्ट्रगीत झालं, बोटी सुटल्या. रॉइसने बारा मैल बोट अशी पळवली की मिस इमोजीननी टोपी मांडीखाली दाबून धरली. त्याची एक गुप्त जागा होती, आणि पाण्याखालचं सगळं दाखवणाऱ्या यंत्राचा एक महागडा पडदा बोटीवर होता. पडद्यावर मासेच मासे होते.

“हे बघा,” रॉइस म्हणाला. “शेकड्यांनी आहेत.”

“ते बासच आहेत असं त्यांनी तुला सांगितलं का?”

रॉइस हसला. पुढचे चार तास मात्र त्याला हसू आलं नाही. त्याने चमकणारी आमिषं टाकली, खुळखुळणारी टाकली, एक बेडकासारखं होतं तेही टाकलं. शेवटी गळाला लागला तो हातभर लांबीचा मिशीवाला कॅटफिश. स्पर्धेत त्याला कवडीची किंमत नव्हती. तोवर मागे मिस इमोजीननी पडद्याकडे पाठ करून, काठाच्या बाजूला गळ टाकून तीन बास काढले होते आणि बोटीतल्या पाण्याच्या टाकीत सोडले होते. प्रत्येक वेळी जाळी धरायला रॉइसच वाकला होता.

अकरा वाजता त्यांनी डबा उघडला आणि उकडलेल्या शेंगा पुढे केल्या. रॉइसने चार शेंगा खाल्ल्या. मग आयुष्यात कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

“तुम्ही माझ्या जागी असता तर कुठे गेला असता?”

“जिथून निघालो तिथे.”

“धक्क्यावर?”

“दर स्पर्धेनंतर मासे तोलून कुठे सोडतात? धक्क्याजवळच ना. त्यातले कितीतरी तिथेच राहतात. त्यांना कोण बोट देतंय बारा मैल परत जायला?”

रॉइसला ते पटलं, आणि पटलं म्हणूनच जास्त लाज वाटली. तो बारा मैल परत आला. धक्क्यावर खुर्च्या टाकून बसलेली मंडळी हात करत होती. एकाने विचारलं, पेट्रोल संपलं का. रॉइसने न ऐकल्यासारखं दाखवलं.

मिस इमोजीननी त्याला एक साधी रबरी अळी दिली. “टाक. तळाला जाऊ दे. मग काही करू नकोस.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही. बोलूही नकोस.”

हे त्याला सर्वांत कठीण गेलं. दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. मग दोरा हलला. पहिला बास दोन पौंडांचा असेल, दुसरा त्याहून थोडा लहान. इकडे मिस इमोजीनचे पाच पुरे झाले. आणि दुपारी दोनला रॉइसची काठी अशी वाकली की त्याला वाटलं, गळ बुडालेल्या ओंडक्यात अडकला. ओंडका चालू लागला.

पाच मिनिटं तो काय करत होता ते त्याला नंतर आठवेना. मिस इमोजीननी जाळी घातली आणि बास बोटीत आला. सात पौंड तरी नक्की. रॉइसने त्याचा खालचा ओठ अंगठ्यात पकडून त्याला उंच धरलं. धक्क्यावरची मंडळी उठून उभी राहिली.

“आधी टाकीत टाक त्याला,” मिस इमोजीन म्हणाल्या.

“एकच मिनिट.”

टीव्हीवरचे लोक जिंकल्यावर माशाचा मुका घेतात. रॉइसने ते इतक्या वेळा पाहिलं होतं, घरी आरशासमोर करूनही पाहिलं होतं, की तोंड आपोआपच पुढे गेलं. माशाला त्यात काही रस नव्हता. त्याने एक झटका दिला, रॉइसच्या गालावर शेपटी हाणली आणि बोटीच्या कडेवरून पाण्यात गेला.

मग मिस इमोजीननी उरलेल्या शेंगांचा डबा त्याच्याकडे सरकवला.

वजनाच्या वेळी रिकाम्या हाताचे लोक हळूच गाडी काढून निघून जात. रॉइसला ती वाट चांगली माहीत होती. पण या वेळी पिशवीत दोन मासे होते, म्हणून तो रांगेत उभा राहिला. दोन्ही मिळून साडेतीन पौंड भरले. निवेदकाने सवयीने माइक पुढे केला. “काय रॉइस, आज वारा होता का?”

“नाही,” रॉइस म्हणाला. “वारा नव्हता, पाणीही बरोबर होतं. सात पौंडांचा बास माझ्या हातात होता. मी त्याचा मुका घ्यायला गेलो, आणि त्याला ते आवडलं नाही.”

सगळा मांडव हसला. रॉइसने गालावरचा लाल वळ दाखवला, तेव्हा आणखी हसला. विशेष म्हणजे त्यालाही हसू आवरेना. मिस इमोजीन तिसऱ्या आल्या. ढाल घेताना माइकवर त्या एवढंच म्हणाल्या, की बोट चांगली होती, फक्त फार पळत होती.

संध्याकाळी घरी ट्वायलाने, त्याच्या बायकोने, चुलीपासून न वळताच विचारलं, “कितवा?”

“एकसष्टावा.”

“किती जणांत?”

“चौसष्ट.”

आता ती वळली. “म्हणजे तुझ्याही मागे तिघं आहेत? कोण?”

रॉइसने खुर्ची ओढली, आणि तिन्ही नावं तिला क्रमाने सांगितली.